पहिला दिवस अर्धा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की ज्याचं उभं आयुष्य जंगलात गेलं त्यानं वाघाबद्दल लिहावं. मी नाही लिहिणार. वाघ मी पाहिला, त्यानंही मला पाहिलं, आणि आम्ही दोघं आपापल्या वाटेनं गेलो. त्यात याहून जास्त काही नाही. चांदा जिल्ह्याच्या जंगलात माझ्या ओळखीची जी माणसं मोडली, ती वाघानं मोडली नाहीत. ती कमरेनं मोडली. तेव्हा मी कमरेबद्दल लिहिणार आहे. छापायचं असेल तर छापा.

माझ्या बापापासून सुरुवात करतो. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या बाजूचं. पावसाळ्यात धान, आणि धान घरात आलं की कुऱ्हाड खांद्यावर टाकून जंगलात, कुपावर. सरकार दरवर्षी जंगलाचा एक तुकडा तोडायला काढतं, त्याला कूप म्हणतात. ठेकेदार तो घेतो आणि आमच्यासारख्या टोळ्या लावून तोडतो. बापानं अशी कितीतरी कुपं तोडली. शेवटी शेवटी तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून चालायचा. मेला तेव्हा तिरडीवर सरळ निजेना. काकानं गुडघे दाबले की पाठ वर यायची, पाठ दाबली की गुडघे वर यायचे. बांधायला घेतलेला दोर पुरला नाही. शेवटी आई म्हणाली, "राहू द्या. आता तरी दुखवू नका त्यायले." आम्ही बापाला कुशीवर नेलं. मला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. मी ठरवलं की काहीही होवो, मी सरळ निजणार.

ठरवणं सोपं असतं. धंदा तोच होता.

ज्यांनी कधी झाड पाडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा घाव उभा असायचा. पाय फाकवून उभं राहायचं, कुऱ्हाड खांद्याच्या वरून तिरपी आणायची, आणि ती मांडीच्या उंचीवर बुंध्यात बसायची. कुऱ्हाडीचं वजनच काम करतं, माणसानं फक्त वाट दाखवायची. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला आधी खाच करायची, मग मागून घाव. हे अंगात बसलं की माणूस दिवसभर तोडू शकतो आणि संध्याकाळी ढोलकीही वाजवू शकतो. बाप मोडला तो म्हातारपणी, उभं आयुष्य ओझी वाहून. उभ्या घावाचा त्यात फार दोष नव्हता.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. चिमूरच्या पलीकडे आमचं कूप लागलं होतं. टोळीचा मेट मी होतो, म्हणजे कामाची वाटणी करणारा. मला लिहिता-वाचता येत होतं आणि तोंड चालत होतं, एवढीच माझी लायकी. टोळीतला खरा कुऱ्हाड्या म्हणजे माझे भाऊजी, सुकरू. माझी मोठी बहीण भागाबाई त्यांना दिलेली. भाऊजी झाड पाडायच्या आधी दूर जमिनीत एक खुंटी ठोकत, अर्धी वर ठेवत, आणि पडणाऱ्या झाडानं ती खुंटी जमिनीत गाडत. पंचक्रोशीत हे कुणाला जमत नव्हतं. गर्वही तेवढाच होता. खाली वाकून घाव घालणारा माणूस त्यांच्या लेखी लाकूडतोड्या नव्हताच, तो गवत कापणारा.

आणि त्याच वर्षी कायदा आला.

एक नवा रेंजर आला, पोरगेलासा, खाकी कडक. त्यानं आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि जुन्या कुपातला एक मांडीभर उंचीचा खुंट काठीनं दाखवला. आत पाणी साचून तो कुजला होता. वरच्या टोकाला फुटवे आले होते, ते वाऱ्यानं मोडून लोंबत होते. रेंजर म्हणाला, "यापुढे खुंट जमिनीपासून वीतभर ठेवायचा. वरून उतरता, पाणी वाहून जाईल असा. म्हणजे फुटवा जमिनीजवळ येतो आणि त्याचं परत झाड होतं." तो बरोबर बोलत होता. आजही म्हणतो, कायदा चांगला होता. पण चांगल्या कायद्यानंही माणूस मोडतो. जंगल परत कसं उगवेल ते त्यानं सांगितलं, वीतभर उंचीवर घाव घालताना माणसानं आपली कंबर कुठे ठेवायची ते सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

ठेकेदाराला काय, कंबर त्याची नव्हती. "ठीक आहे, खालून तोडा," म्हणाला, "पण झाडं पयलेइतकीच पडली पायजे." माल वरोऱ्याला गाड्यांनी जाणार होता आणि तिथून रेल्वेनं माजरीकडच्या एका कोळसा खाणीत. खाणीत छताला टेकू म्हणून बल्ल्या लागतात. मोहफुलं पडायला लागायच्या आत माल निघायला हवा होता, कारण मोह पडू लागला की अख्खं जंगल टोपल्या घेऊन मोहाखाली जातं आणि कुऱ्हाडीला माणूस मिळत नाही.

आम्ही काय केलं? जे कुणीही करेल तेच. घाव तोच ठेवला, फक्त खाली वाकलो. गुडघे ताठ, पाठ गोल, हात लांब. कुऱ्हाड आता आडवी येऊ लागली. जे वजन आमच्यासाठी काम करायचं ते आता आम्हालाच उचलून धरावं लागत होतं. पहिल्याच संध्याकाळी सगळी टोळी चुलीभोवती कण्हत बसली. तरी दुसऱ्या दिवशी दिवसभर तोडलं, तिसऱ्या दिवशीही. नवं काम हाताला लवकर कळतं, पण स्नायूंना ते पटायला वेळ लागतो. हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

त्याच आठवड्यात भाऊजींची कुऱ्हाड एका ऐनाच्या बुंध्यात रुतली. त्यांनी वाकलेल्या पाठीनंच ती हिसका देऊन ओढली. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि मग ते तसेच ओणवे राहिले. वर येईनात, खाली बसवेना. घोंगडीत घालून आम्ही त्यांना झोपडीत नेलं. भागाबाई बल्ल्यांची साल काढत होती, ती कोयता टाकून धावत आली. रडली नाही. नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना बापच आठवला होता.

ठेकेदार येऊन दारातूनच बघून गेला. जाताना मला म्हणाला, "सोमवारपर्यंत उभा राह्यला तर ठीक. नाईतर त्याच्या जागी मी दुसरा आनतो. आन् हे बाकीचे काऊन हात ढिले सोडून राह्यले?"

"शेठजी, नवा घाव हाये. अंगात बसू द्या."

"झाड तेच, कुऱ्हाड तेच, मानूस तेच. नवं काय हाये त्याच्यात?"

मी झोपडीत भाऊजींकडे परत गेलो.

ठेकेदाराच्या प्रश्नाचं उत्तर भागाबाईजवळ होतं. ती निर्गुडीचा पाला उकळून नवऱ्याची कंबर शेकत होती आणि शेकता शेकता बोलत होती. "तुमाले वाकताच येत नाई. गडीमानसाच्या जातीले वाकता येतच नाई. आमी रोवनी करतो तं काय पाठीनं करतो?"

भाऊजी पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "रोवनीची गोष्ट नको सांगू मले."

"काऊन नको? चिखलात दिवसभर वाकून कोन राह्यते? तुमी का मी?"

मग तिनं मला उभं राहून दाखवलं. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आमच्याकडे बायाच करतात, चिखलात वाकून, मागं मागं सरकत. मी जन्मभर ती बांधावरून पाहिली होती, पण कधी नीट बघितली नव्हती. बाई पाठीतून वाकत नाही, खुब्यातून वाकते. गुडघे ढिले, बूड मागं, पाठ लांब. रोपांची जुडी धरलेल्या डाव्या हाताचं कोपर मांडीवर टेकलेलं, म्हणजे धडाचा भार मांडी उचलते. उठायचं झालं तर झटक्यात नाही, मांडीवर हात ठेवून. आणि थोड्या थोड्या वेळानं पायांची अदलाबदल.

"आन् दुखत नाई?"

"दुखते ना. म्हनून तं पयला दिवस अर्धा असते."

हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. आमच्या गावात रोवणीच्या पहिल्या दिवशी दुपारी काम थांबतं. मुहूर्त करायचा, एक बांधी, म्हणजे बांधानं घेरलेला शेताचा एक तुकडा, रोवायची, आणि घरी यायचं. कितीही घाई असो, पाऊस निघून चाललेला असो, पहिला दिवस अर्धाच. पुरुष मंडळी म्हणत, धरतीमायचा मान आहे.

"धरतीमायचा मान हायेच," भागाबाई म्हणाली. "तिच्या लेकीच्या कमरेचा बी हाये. आठ महिने न वाकलेलं अंग एका दिवसात वाकवलं तं ते तुटते. म्हाताऱ्या बायाइले हे ठाऊक हाये. देवाचं नाव घेतलं म्हनून तुमी मानसं आयकता, नाईतर आयकता का कधी?"

तिचं ते खुब्यातलं वाकणं कुऱ्हाडीला जमवून बघत, दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोळीसमोर पळसाच्या पानांचा गठ्ठा ठेवला, त्यावर उजवा गुडघा टेकला, डावं पाऊल पुढं रोवलं, आणि पाठ लांब ठेवून खुब्यातून वळत घाव घातला. दांडाही वीतभर कापून घेतला होता. खाली बसून घाव घालणाऱ्याला लांब दांडा वैरी असतो. टोळी पोट धरून हसली. एकानं विचारलं, "जैराम, लुगडं आनू का?" मी म्हटलं, आण, पण आधी कंबर दाखव तुझी. तो कालपासून तिरपा चालत होता. हसू जरा कमी झालं.

मग मी त्यांना सांगितलं की आज नव्या घावाचा मुहूर्त आहे. आधी रिकामी कुऱ्हाड हळूहळू फिरवायची, अंग गरम होईतो. मग नवा घाव, तोही आलटून पालटून, कधी उजवा कधी डावा. कुऱ्हाड रुतली तर ओढायची नाही, दांडा वरखाली हलवून सोडवायची. आणि सूर्य डोक्यावर आला की नवा घाव बंद. त्यानंतर उभ्यानं फांद्या छाटायच्या, बल्ल्या रचायच्या. कमरेत कुठं धरल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी थांबायचं. तिथं मर्दानगी दाखवेल त्याला मी टोळीतून काढीन.

दुपारी ठेकेदार आला. कुऱ्हाडींचा आवाज बंद पाहून त्याचं डोकं तापलं.

"काय झालं रे?"

"मुहूर्त हाये, शेठजी. नव्या घावाचा. पयला दिवस अर्धा असते आमच्यात."

तो पेचात पडला. स्वतः अवसेला गाडी न हाकणारा माणूस, मुहूर्ताला काय म्हणणार? परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला, पुन्हा आवाज बंद.

"मुहूर्त तं काल झाला ना?"

"काल ऐनाचा झाला. आज धावड्याचा हाये."

त्याच्या पुढच्या दिवशी सागाचा. ठेकेदारानं दात खाल्ले. "आन् उद्या कायचा?"

"जंगलात झाडं लय हायेत, शेठजी," मी म्हणालो. टोळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मलाही फार बरं वाटलं, ते कशाला लपवू?

भाऊजी मात्र झोपडीत धुमसत होते. शेकानं आणि मोहाच्या तेलानं ते उठून काठीवर चालू लागले होते, पण माझा घाव त्यांनी पाहिला तेव्हा तोंड फिरवलं. "बाईसारखा वाकून झाड पाडू? त्याच्यापरीस नाई पाडलं तं काय होते?" मी म्हणालो, "भाऊजी, सोमवारी तो तुमची जागा देऊन टाकीन." ते म्हणाले, "देऊ दे." आणि काठी टेकत मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. त्यांच्या पाठीचा बाक मागून बघवत नव्हता.

सोमवारी सकाळी ठेकेदाराबरोबर जीपमधून खाणीचा साहेब आला. माल का निघत नाही ते बघायला. कलकत्त्याकडचा, गोरागोमटा, डोक्यावर टोप. जीप थांबली पण साहेब काही उतरेना. मग ड्रायव्हरनं धरून उतरवलं, आणि साहेब एक हात कमरेवर ठेवून वाकडा उभा राहिला. भागाबाईनं साल काढता काढता मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "याची बी गेली!"

साहेबाला शब्द कळले नाहीत, पण कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळलं. मला हिंदीत सांगू लागला. त्यांच्या क्लबात गोल्फ नावाचा खेळ असतो, लांब काठीनं पांढरा बॉल दूर मारायचा. साहेब बरीच वर्षं आपल्या पद्धतीनं मारत होता. मग कुणीतरी सांगितलं की तुझं मारणंच चुकीचं आहे. साहेबानं पुस्तकातली चित्रं बघून नवी पद्धत उचलली. "पूरा दिन मारा," तो म्हणाला, "शाम को कमर लॉक हो गया."

मी भागाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "पयल्याच दिवशी पुरा दिवस? विचार त्याले, घरी कोनी म्हातारी नाई का?"

हे मी साहेबाला सांगितल्यावर तो खदखदून हसला आणि हसताना कळ येऊन जीपला धरून राहिला. आम्हीही हसलो. ठेकेदार हसला नाही. तो साहेबाला म्हणाला, "सर, ये लोग भी कमर का बहाना करके आधा दिन बैठते हैं."

माझ्या अंगाची लाही झाली. मी मराठीतच बोललो, ठेकेदाराला नीट कळावं म्हणून. "साहेबाची कंबर खरी, आन् आमची बहाना?"

आता साहेब आमची बाजू घेईल असं कुणाला वाटत असेल. आम्हालाही क्षणभर वाटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, सगळं कळल्यासारखं बघितलं, आणि म्हणाला, "लेकिन लकड़ी टाइम पे चाहिए." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या खाणीतही छताखाली माणसंच होती. पण आपली कंबर दुसरा कुणी वाचवत नाही हे मी त्या सकाळी पक्कं शिकलो. जीप धूळ उडवत गेली.

जीप दिसेनाशी होताच ठेकेदार भडकला. "बस झाला मुहूर्त! आजपासून दिवसभर तोडाचं. ज्याले जमत नाई तो आताच्या आता आपली घोंगडी गुंडाळीन. आन् तो सुकरू कुठी हाये? त्याची जागा खतम."

भाऊजी मोहाखालून उठले. काठी तिथंच ठेवली. झोपडीतून कुऱ्हाड आणली, तिचा दांडा आखूड केलेला होता. तो कधी कापला, मला पत्ता नाही. ते तोडायचा म्हणून हातोड्याची खूण मारलेल्या एका सागाजवळ गेले, दूर चालत जाऊन जमिनीत खुंटी ठोकली, अर्धी वर ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस हट्टानं उभा घाव घालायला जाईल, नाहीतर पाठ वाकवून, आणि दोन्हीत संपेल.

त्यांनी पळसाची पानं पसरली आणि गुडघा टेकला. पाठ लांब, बूड मागं. आधी रिकामी कुऱ्हाड फिरवली, सावकाश. कुणी हसलं नाही. मी भागाबाईकडे पाहिलं तर ती खाली मान घालून साल काढत होती. नंतर कळलं की आम्ही कामावर गेलो की ही झोपडीमागं नवऱ्याकडून रोवणीचं वाकणं घोटून घेत होती, पाठ गोल झाली की झाडूची काडी पाठीला लावून. सगळ्यांसमोर शिकायला त्यांची तयारी नव्हती. बायकोसमोर होती.

घाव छोटे होते, पण एकाच जागी बसत होते. घाई नाही, हिसका नाही. झाड कडाडलं, झुकलं, आणि थेट खुंटीवर आलं. आम्ही धावत जाऊन पाहिलं, खुंटी मातीत गडप. बुंध्याशी वीतभर खुंट, वरून उतरता. टोळीनं आरोळी ठोकली.

ठेकेदारही खूश झाला. "हे पाहा! भला चंगा हाये मानूस. चला आता संध्याकाळपर्यंत असंच."

भाऊजींनी वर पाहिलं. सूर्य डोक्यावर आला होता. मांडीवर हात ठेवून ते सावकाश उठले, पातं पुसलं, कुऱ्हाड खुंटाला टेकवली.

"मुहूर्त झाला, शेठ. पयला दिवस अर्धा."

"सुकरू, उचल ते कुऱ्हाड!"

भाऊजी मोहाकडे चालू लागले. मी माझी कुऱ्हाड खाली ठेवली. मग एकेकानं ठेवली. ठेकेदार ओरडला, निघा मग सगळे. आम्ही खरंच घोंगड्या गुंडाळायला लागलो, भागाबाईनं गाडगी बांधायला घेतली. भीती होती, खोटं सांगत नाही. पण बापाचे गुडघे दाबणारे काकाचे हात मला दिसत होते, आणि त्यापुढे ठेकेदार फार लहान होता.

ठेकेदार उभा राहिला. त्यानं झोपड्यांवरचा मोह पाहिला. झाड कळ्यांनी भरलं होतं, थोड्याच दिवसांत फुलं पडणार होती. आता नवी टोळी त्याला कोण देणार? मग खाली न बघताच म्हणाला, "उद्या येता ना?"

"येतो ना," भाऊजी म्हणाले. "उद्या पाऊन."

होळीच्या आधी आम्ही दिवसभर नव्या घावानं तोडत होतो, पूर्वीइतकंच, आणि टोळीत परत कुणाला उसण भरली नाही. माल थोडा उशिरा गेला. खाण कोसळली नाही. पुढच्या वर्षी त्या ठेकेदारानं आम्हाला बोलावलं नाही, आमची टोळी तोंडाळ म्हणून जंगलभर सांगितलं, आणि त्यामुळे काही वर्षं कामासाठी फार लांब जावं लागलं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते आमच्या जागी आलेल्या टोळीचं. त्यांना पहिला दिवस अर्धा असतो हे सांगायला कुणी नव्हतं. त्यातले दोघं मला पुढे ब्रह्मपुरीच्या बाजारात दिसले, हात गुडघ्यांवर ठेवून चालताना.

आजकाल लोक मला सांगतात की माणूस जिद्दीनं काहीही करू शकतो. माझी जिद्द दुपारी कुऱ्हाड खाली ठेवण्यात गेली, आणि ती उचलण्यापेक्षा अवघड होती. कुणाला पटत नसेल तर त्यानं नव्या पद्धतीनं दिवसभर काहीही करून पाहावं, बॉल मारावा की लाकूड फोडावं, आणि संध्याकाळी मला येऊन भेटावं. चालता आलं तर.

भाऊजी म्हातारे होईतो कुऱ्हाड चालवत होते. मागच्या पौषात गेले. तिरडी बांधली, त्यांना वर ठेवलं, आणि गावातला एक जुना माणूस सवयीनं पुढं झाला, गुडघे दाबायला. आमच्या धंद्यातल्या माणसाचे दाबावेच लागतात. भागाबाई म्हणाली, "हात काढ, भाऊ. त्यायले दाबा लागत नाई."

त्यानं हात काढले. भाऊजी टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ होते. बापाच्या वेळी दोर पुरला नव्हता, यांच्या वेळी अर्धा उरला. तो मी घरी आणून ठेवला आहे. माझी पाळी आली की या आणि मोजून पाहा, उरतो की नाही.